तारेमागची भिंत

तुमच्या घरात कोणाची अँजिओग्राफी झाली असेल, तर डॉक्टर बाहेर आल्यावर तुम्ही त्यांना पहिला प्रश्न कोणता विचारलात?

मीच सांगते. "किती टक्के?" असं विचारलंत. गेली सहा वर्षं मी कॅथलॅबच्या, म्हणजे ही तपासणी होते त्या खोलीच्या, दाराच्या आतल्या बाजूला काम करते आहे. एवढ्या काळात याखेरीज दुसरा पहिला प्रश्न मी एकदाच ऐकला, आणि तोही दाराबाहेरून नव्हे, टेबलावर झोपलेल्या पेशंटच्या तोंडून.

आपल्याकडे हृदयातले ब्लॉक टक्क्यांत मोजतात आणि ते टक्के दहावीच्या निकालासारखे गावभर सांगतात. फरक एवढाच, की इथे जितके कमी तितका आनंद आणि जितके जास्त तितका मान. साताऱ्याच्या वॉर्डात एक निवृत्त सुभेदार शेजारच्या खाटेवरच्या माणसाला समजावत होते, "तुमचं सत्तर म्हंजे काय न्हाई. माझं पंच्याण्णव हुतं, तरी जिना चढून आलो." सत्तरवाला खरोखर ओशाळला. सांगलीत एकदा दोन साडूंची अँजिओग्राफी एकाच आठवड्यात झाली. धाकट्याचे टक्के थोरल्यापेक्षा जास्त निघाले, म्हणून थोरल्याची बायको आमच्या डॉक्टरांना, म्हणजे सरांना, पुन्हा मोजायला सांगत होती. आणि चाळीसच्या आत आलं की पेढे. आमच्या लॅबमध्ये पेढ्याचा बॉक्स आला की आत कोणी विचारत नाही, कशाचे ते.

मी या टक्क्यांवर चिडलेली बाई आहे. ही चीड आयती आलेली नाही. ती मला कशी लागली, आणि ती लागलेली असतानाही मी स्वतः कशी त्याच खड्ड्यात पडले, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी माझं काम. मी कॅथलॅब टेक्निशियन. नातेवाईक मला "सिस्टर" म्हणतात, मी दर वेळी दुरुस्त करते, आणि ते दर वेळी "बरं सिस्टर" म्हणतात. नाव क्रांती. हे नाव वडिलांनी ठेवलं. ते तासगावात एका छापखान्यात खिळे जुळवायचे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त होती: पाण्याच्या मोर्चाचं, दारूबंदीचं, बुवाबाजीविरुद्धचं. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली. वडील म्हणायचे, पत्रकाच्या तळाशी वाचणाऱ्याने काय करायचं ते लिहिलेलं नसेल, तर तो कागद शेंगदाणे बांधायला द्यावा.

आमच्या सरांचे पेशंट सांगलीत आणि साताऱ्यात आहेत. दोन्हीकडे कॅथलॅब आहे, पण आता ज्याच्याबद्दल सांगणार आहे ते यंत्र एकच आहे. ते आठवड्यात तीन दिवस सांगलीला आणि दोन दिवस साताऱ्याला असतं. लहान फ्रिजएवढं, खाली चाकं, वर पडदा. व्हॅनमध्ये दोन जाड पट्ट्यांनी बांधून ते जातं आणि त्याच्या शेजारी मी बसते. रस्त्याचं काम कुठे निघालंय, कुठल्या पुलाच्या सांध्यावर धक्का बसतो, हे मला पाठ आहे. धक्का यायच्या आधीच माझा हात यंत्राच्या अंगावर गेलेला असतो.

आता हे यंत्र कशासाठी, ते सांगते. अँजिओग्राफीत हृदयाच्या नळीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत दिसणारा द्रव, सोडतात आणि क्ष-किरणांनी तिची सावली बघतात. टेकडीवर उभं राहून कालवा बघावा तसं ते बघणं असतं. पाण्याचा पट्टा कुठे बारीक झालाय, ते तिथून उत्तम कळतं. पण कालव्याच्या अस्तराला आतून भेग गेली आहे का, दगड निखळलाय का, हे टेकडीवरून कसं कळणार? आणि हार्ट अटॅक बहुतेक वेळा भेगेतूनच येतो. नळीच्या भिंतीत चरबी साठते. तिच्यावर दुधावर धरते तशी साय असते. ती साय पातळ होत जाते आणि एक दिवस फाटते. आतला माल रक्तात येतो, रक्त त्याला परकं समजून तिथेच गोठतं, आणि पाच मिनिटांपूर्वी उघडी असलेली नळी बंद होते. नळी चाळीस टक्केच अरुंद असेल, तरीही साय फाटू शकते. साय टक्के बघून फाटत नाही.

म्हणून ही दुसरी तपासणी. मनगटातून आत गेलेल्या नळीतून केसासारखी तार हृदयाच्या धमनीत ठेवायची. त्या तारेवरून एक बारीक नळी सरकवायची. तिच्या आत काचेचा धागा असतो आणि धाग्याच्या टोकाला प्रकाश. हा प्रकाश डोळ्याला दिसत नाही. तो गोल फिरत भिंतीवर पडतो, परत येतो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र भिंतीचं चित्र काढतं, कागदाच्या जाडीपेक्षाही बारीक तपशील दिसतील असं. धागा मागे खेचला जातो तसतसे नळीचे काप पडद्यावर उमटतात, काकडीच्या चकत्यांसारखे. हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांचा. चांगली भिंत तीन थरांची दिसते. चुना साठला असेल तर त्याच्या कडा स्पष्ट दिसतात. चरबी मात्र धुरकट दिसते, तिला कड नसते. हे सगळं यंत्र सोनेरी-तपकिरी रंगात दाखवतं.

त्या सोनेरी रंगानेच मला तो दुसरा प्रश्न ऐकवला. मी लॅबमध्ये लागले त्या वर्षीची गोष्ट, विट्याचे एक गृहस्थ होते. त्यांचा गलाईचा धंदा, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं दुकान, तमिळनाडूत तीस वर्षं चाललेलं. दिवाळीला गावी आले आणि छातीत दुखलं म्हणून सांगलीला आमच्या टेबलावर आले. कॅथलॅबमध्ये पेशंट जागा असतो, पडदा त्यालाही दिसतो. ते मान वळवून बराच वेळ बघत होते.

"मॅडम, ह्यो रंग सोन्याचा कशापायी?"

मी म्हटलं, रंग यंत्राने दिलाय, भिंत काही सोनेरी नसते.

"मग रंगावर जाऊ नका. आमी रंगावर कवा बोलत न्हाई. गाळतो, मग बोलतो." मग ते सरांकडे वळले. "साहेब, आत माल काय हाय?"

सरांचा हात थांबला. वीस वर्षांत त्यांना टेबलावरून हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते म्हणाले, चुना आहे, दगडासारखा.

"मग आदी फोडा, मग दागिना बसवा," गलाईवाले म्हणाले आणि डोळे मिटून घेतले. सरांनी अगदी तेच केलं. आधी दगड फोडला, मग स्टेंट, म्हणजे नळी उघडी ठेवणारी धातूची जाळी, बसवला.

त्या दिवसापासून मी गलाईवाल्यांचा प्रश्न पत्रकासारखा वाटत फिरले. वॉर्डात, चहाच्या टपरीवर, नातेवाइकांच्या घोळक्यात. टक्के विचारू नका, माल विचारा. सर म्हणायचे, "क्रांती, लॅबमध्ये भाषण नको." मी हळू आवाजात करायचे. मला फार समजलंय, असं मला वाटू लागलं होतं.

मग गेल्या डिसेंबरात साताऱ्याला विठ्ठल उतेकर आले.

महाबळेश्वरला त्यांची टॅक्सी. वय पन्नासच्या आसपास, अंगाने किरकोळ, मिश्या व्यवस्थित कापलेल्या. पंचवीस वर्षं घाटात गाडी चालवलेली. दोन दिवसांपूर्वी पर्यटकांना घेऊन येताना त्यांच्या छातीत कळ आली, घामाने शर्ट भिजला. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पॅसेंजरला सांगितलं की इथून दरी छान दिसते, फोटो काढा. दहा मिनिटांनी कळ गेली. ते पुन्हा गाडीत बसले आणि सगळ्यांना हॉटेलवर सोडून मग दवाखान्यात गेले. रक्ताच्या चाचणीत हृदयाला मार बसल्याची खूण आली, म्हणून त्यांना साताऱ्याला पाठवलं.

मंगळवारी सकाळी अँजिओग्राफी झाली. पुढच्या मोठ्या धमनीत एक जागा जराशी अरुंद होती. सर बाहेर गेले तेव्हा उतेकरांची बायको शालनबाई आणि दोन भाऊ उभे होते. प्रश्न आला, सरांनी उत्तर दिलं: चाळीस. भावांपैकी एक जण तिथूनच जिना उतरून गेला. तो कशाला गेला, ते मला माहीत होतं.

पण सरांना चैन पडेना. चाळीस टक्क्यांत हृदयाला मार बसला कसा? ते आत आले आणि म्हणाले, प्रकाश घालून बघू.

मी तयारीला लागले. उतेकर विचारत होते, आता काय करणार. मी त्यांना सांगितलं की आत प्रकाश जातो, पण रक्तातून तो पार होत नाही, म्हणून क्षणभर डायचा जोराचा फवारा मारून रक्त पुढे ढकलायचं आणि त्या क्षणात चित्र घ्यायचं.

"मग लाइट मोठी करा की," सर म्हणाले. त्यांना गंमत करायची होती.

"छ्या," उतेकर झोपूनच म्हणाले. "धुक्यात मोठी लाइट मारली तर आपल्याच डोळ्यावर येती. धुकं हटायची वाट बघायची."

इतकं सोपं करून मला ते कधी सांगता आलं नव्हतं. पुढे मी सगळ्या पेशंटना तसंच सांगू लागले, आणि सांगताना दर वेळी पुढे जे झालं ते आठवतं.

फवारा मारला, धागा मागे आला, चित्र मिळालं. चित्र स्वच्छ होतं. पण एका कोपऱ्यात काळा पट्टा होता. तो असतोच. नळी ज्या तारेवरून सरकते ती तार धातूची, प्रकाश तिच्या पलीकडे जात नाही. पडद्यावर तार एका चमकत्या ठिपक्यासारखी दिसते आणि तिच्यामागे भिंतीवर सावलीची काळी फोड पडते, पोळीचा त्रिकोणी तुकडा काढून घेतल्यासारखी. तेवढी भिंत दिसत नाही. ज्या कापांत भिंत चांगली आहे, तिथे ही सावली पडली तर बिघडत नाही. उतेकरांच्या चित्रात ती नेमकी धुरकट जागेवर पडली होती. अरुंद जागेच्या जरा अलीकडे, काही कापांपुरती.

मला ती दिसली. अशा वेळी काय करायचं ते मला येतं. तार किंचित हलवून घ्यायची आणि पुन्हा एकदा चित्र घ्यायचं. सावली दुसरीकडे जाते, झाकलेली भिंत उघडी पडते. यासाठी फक्त एवढंच म्हणायचं असतं: सर, अजून एकदा.

मी म्हटलं नाही. का, याची कारणं पुढचे दोन दिवस मी स्वतःला देत होते. त्यांच्या किडनीचा आकडा जरा वर होता, पुन्हा डाय देणं बरं नव्हतं. व्हॅन खाली उभी होती, सांगलीला संध्याकाळी एक पेशंट ठरलेला होता. सगळं खरं होतं. पण खरं कारण वेगळं, आणि ते सांगायला लाज वाटते. माझा हात सवयीने सगळ्यात अरुंद कापावर गेला. तिथे मी गोल काढला, माप घेतलं आणि मोठ्याने म्हणाले, "चाळीसच आहे, सर."

इतकी वर्षं टक्क्यांवर बोंब मारणाऱ्या बाईने पडदा समोर आल्यावर टक्केच मोजले. आकडा जुळला, म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. बाकीची चित्रं मी भराभर पुढे सरकवली. सरांचे हात टेबलावर गुंतलेले, त्यांनी माझ्या शब्दावर मान डोलावली. गोळ्या लिहिल्या, आठ दिवस गाडी चालवू नका म्हणून सांगितलं. बाहेर पेढे आले होते. मी एक खाल्ला.

त्या दुपारी व्हॅनमध्ये माझा हात यंत्रावर होता आणि डोळ्यांसमोर काळी फोड. कराड गेलं, पेठ नाका गेला. मी स्वतःशी वाद घालत होते आणि जिंकत होते. बुधवारी सांगलीत तीन केसेस झाल्या. प्रत्येक चित्रात मी आधी तारेची सावली शोधली. ज्याच्या हातून काही सुटलंय तोच असं शोधतो. संध्याकाळी घरी वडिलांनी विचारलं, काय झालंय तुला. मी म्हटलं, काही नाही, प्रवास झाला.

गुरुवारी दुपारी सांगलीची लॅब रिकामी झाली, तेव्हा मी उतेकरांचं रेकॉर्डिंग उघडलं. एकेक काप, पुढे आणि मागे. सावली धुरकट जागेवरून सरकत जात होती. दोन कापांत, काळ्या फोडीच्या अगदी कडेला, एक बारीक टोक दिसलं. फाटक्या सायीची कड असते तसं. टोक फक्त, बाकी सगळं काळ्यात. ते टोक असेल किंवा नसेल. पण चाळीस टक्क्यांत हृदयाला मार कसा बसला, या सरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या अंधारात असणं शक्य होतं.

सर पलीकडच्या खोलीत डबा खात होते. मी त्यांना बोलावलं नाही, यंत्रच पडद्यासकट ओढत त्यांच्यापर्यंत नेलं. ते बघत राहिले. चपातीचा तुकडा हातात तसाच.

"हे मंगळवारी दिसलं होतं तुला?"

"सावली दिसली होती. तिच्या कडेचं टोक नव्हतं दिसलं."

"सावली दिसली तेव्हाच बोलायचं होतंस."

"हो."

आता ते रागावतील, असं मला वाटलं. त्यांनी डबा बंद केला. "मलाही दिसायला हवी होती," ते म्हणाले. "फोन लाव."

फाईलवर नंबर शालनबाईंचा होता. त्या स्ट्रॉबेरी तोडायला गेल्या होत्या, मागे बायकांचं बोलणं ऐकू येत होतं. मी नाव सांगितलं, उतेकर कुठे आहेत ते विचारलं.

"गाडी घेऊन गेल्यात. सकाळीच."

"आठ दिवस चालवायची नाही म्हणून सांगितलं होतं."

"आवं, चाळीसच हाय म्हनलासा की तुमी."

इतकी वर्षं मी ज्याच्याशी भांडले ते वाक्य मीच त्यांच्या हातात दिलं होतं. मी म्हटलं, टक्के विसरा, भिंतीचा एक तुकडा बघायचा राहिलाय, त्यांना परत यावं लागेल. त्या म्हणाल्या, सगळं बघितलं म्हणून तर सोडलंसा. मग त्यांचा आवाज बदलला. पैशासाठी पुन्हा गिऱ्हाईक करताय काय, असं त्यांना वाटलं असावं. तसं वाटायला लावणारी माणसं आमच्या क्षेत्रात आहेत, शालनबाईंना दोष देत नाही. मी म्हटलं, चूक आमची आहे. माझी आहे. हे ऐकल्यावर त्यांनी उतेकरांचा नंबर दिला.

उतेकर पाचगणीला होते. चार पॅसेंजर, त्यांतलं एक लहान पोर, टेबललँडवर घोडे बघायला गेलेले. ते परत आले की पसरणी घाट उतरून वाईला, तिथून पुढे पुण्याच्या रस्त्याला. मी सगळं एका दमात सांगितलं. तार, सावली, तिच्यामागे राहिलेली भिंत.

त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग विचारलं, "मॅडम, एक सांगा. तुमाला दिसलं न्हाई, का दिसून बोलला न्हाईसा?"

सर समोर उभे होते. फोन स्पीकरवर होता.

"सावली दिसली होती. बोलले नाही."

पलीकडे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. उतेकर म्हणाले, "काचंच्या कडंला खांब असतोय न्हवं गाडीला. वळणावर त्या खांबामागं अख्खा मोटरसायकलवाला झाकतो. नवा डायव्हर म्हनतो, रस्ता मोकळा हाय. जुना डायव्हर मान हलवून बघतो. गाडी न्हाई हलवायची, मान हलवायची."

"हो," मी म्हटलं.

"मग तुमी मान हलवली न्हाईसा."

त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी फोन ठेवला नाही. पॅसेंजरचं काय करू, एवढंच विचारलं. सरांनी फोन घेतला. गाडी दुसऱ्याच्या हातात द्या, स्वतः चालवू नका, आत्ताच साताऱ्याला येऊन भरती व्हा. पाचगणीच्या स्टँडवरचा त्यांचा एक मित्र आला आणि त्याने गाडी घेतली. वाईपर्यंत उतेकर पॅसेंजरबरोबर मागच्या सीटवर बसून आले आणि तिथून साताऱ्याला येऊन भरती झाले. मागं बसून पसरणी उतरायला लय भ्या वाटतं, असं त्यांनी नंतर मला सांगितलं. "पंचवीस वर्षं लोक माझ्यामागं कसं बसत असतील, मला म्हाईत नव्हतं," ते म्हणाले.

शुक्रवारी सकाळी लवकर यंत्र पट्ट्यांनी बांधून आम्ही साताऱ्याकडे निघालो. शुक्रवार खरं तर सांगलीचा. सरांनी सांगलीच्या पेशंटांना स्वतः फोन करून दुपारची वेळ दिली. मला दोन भीती होत्या. एक, की तिथे भेग निघेल. दुसरी, की काहीच निघणार नाही आणि मी एका माणसाला उगाच घाट उतरवून पुन्हा टेबलावर आणलं, असं होईल. दुसऱ्या भीतीचंच वजन कधी कधी जास्त वाटत होतं. हेही लिहून ठेवते. चूक कबूल करण्यापेक्षा वेडं ठरण्याची लाज माणसाला जास्त अडवते.

उतेकर टेबलावर होते. सरांनी तार घातली, किंचित फिरवली, जागा बदलली. फवारा, खेचणं, दोन-तीन सेकंद. मी अरुंद कापाकडे गेले नाही. मी धुरकट जागेपासून सुरुवात केली. सावली आता दुसऱ्या बाजूला पडली होती. झाकलेली भिंत समोर होती. साय फाटलेली होती. खाली रिकामी झालेली पिशवी, तिच्या तोंडाशी अडकलेली गोठलेल्या रक्ताची लहानशी गाठ, आणि मंगळवारी नुसतं टोक दिसलं होतं ती कड पूर्ण, रक्तात लोंबती.

मी माप सांगितलं नाही. म्हटलं, "सर, साय फाटली आहे. अरुंद जागेच्या अलीकडे."

उतेकरांनी मान वळवून पडदा पाहिला. "हितं हुता व्हय मोटरसायकलवाला."

प्रत्येक फाटलेल्या जागी स्टेंट लागतोच असं नाही. कधी गोळ्यांवर भागतं, ते डॉक्टर ठरवतात. त्यांच्या गाठीकडे आणि जागेकडे पाहून सरांनी स्टेंट बसवला. मग पुन्हा एकदा प्रकाश घालून तो भिंतीला नीट टेकलाय का, ते पाहिलं. त्या वेळी तार हलवायला मी सांगितलं. सर म्हणाले, "हलवली आहे, बाई." त्या सकाळी लॅबमध्ये पहिल्यांदाच कोणीतरी हसलं.

सर बाहेर गेले तेव्हा शालनबाई उभ्या होत्या. त्यांनी टक्के विचारले नाहीत. मला हाताला धरून बाजूला घेतलं आणि विचारलं, "आता समदी दिसली का?" मी म्हटलं, समदी. त्या दिवशी पेढे आले नाहीत. स्ट्रॉबेरी आली.

उतेकरांना सरांनी काही महिन्यांनी पुन्हा गाडी चालवायची परवानगी दिली. स्टँडवर कोणी "माझं तीसच हाय" म्हणालं की ते त्याला विचारतात, खांबामागं बघितलं का. त्यांनी मला माफ केलं की नाही, मी विचारलेलं नाही. दर वेळी तपासणीला आले की ते माझ्याकडे बघून मान डावी-उजवीकडे हलवतात. मीही हलवते.

माझं तिथे संपलेलं नाही. यंत्राच्या पडद्याखाली मी एक कागद चिकटवलाय: "तार हलवली का?" सरांनी तो काढला नाही, उलट साताऱ्याच्या लॅबसाठी दुसरा लिहून घेतला. पण मंगळवारच्या आधीही मंगळवार होते. कपाटात मागच्या वर्षांची रेकॉर्डिंग आहेत, आणि त्या सगळ्यांवर काळी फोड आहे. सरांच्या परवानगीने मी दुपारी ती एकेक उघडते. बहुतेकांत सावली चांगल्या भिंतीवर पडलेली असते. ज्यांत नसते, त्यांचं नाव कागदावर लिहून सरांपुढे ठेवते आणि आम्ही फोन करतो. सगळे फोन लागत नाहीत. एक नंबर आता भलत्याच कोणाचा आहे. एका घरी फोन मुलीने उचलला आणि बाबा गेल्याचं सांगितलं, कशाने ते विचारायचं मला धाडस झालं नाही. त्यांच्या नावाचा कागद अजून माझ्या पर्समध्ये आहे. झोपताना काढून ठेवते, सकाळी पुन्हा आत घालते.

रिपोर्टवर टेक्निशियनचं नाव नसतं. म्हणून माझ्या गप्प बसण्याचीही नोंद कुठे नव्हती. हा लेख ती नोंद समजा.

आणि आता पत्रकाचा तळ. ही प्रकाशाची तपासणी प्रत्येकाला लागत नाही, ती कोणाला लागते ते डॉक्टरांनी ठरवायचं. ती मागायला मी तुम्हाला सांगत नाही. पण तुमच्या घरात अँजिओग्राफीची एखादी फाईल नक्की आहे, कपाटात नाहीतर गादीखाली. यंदा दिवाळीच्या फराळाची ताटं मांडायच्या आधी ती बाहेर काढा. तिच्यावर टक्क्यांचा आकडा सापडेल. कमी टक्के आहेत म्हणून ज्या माणसाने छातीतली कळ दाबून ठेवलीय, त्याला आजच सांगा की दुखलं तर आकडा बघत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा. मग पेन घ्या आणि त्या आकड्याशेजारी लिहा: "भिंत कशी आहे? सगळी दिसली का?" पुढच्या तपासणीला फाईल डॉक्टरांच्या टेबलावर ठेवाल, तेव्हा ते पान सगळ्यात वर ठेवा, आणि उत्तर मिळेपर्यंत खुर्चीवरून उठू नका.